मुखवट्याची वेठ

बहुरूपी हा आपल्याकडचा एक जुना व्यावसायिक. अंगावर फौजदाराचा पोशाख चढवून तो दारात येतो, खोटी दरडावणी करतो, मुले घाबरतात, मोठी माणसे हसतात आणि पदरात काही पडले की तो आपल्या वाटेने जातो. त्याच्या सोंगात तीन गोष्टी असतात. हे सोंग आहे हे सर्वांना ठाऊक असते. सोंगाबद्दल त्याला बिदागी मिळते. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर ते उतरवून खुंटीला टांगता येते. आज ज्या माणसांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या सोंगाला यांतली एकही सोय नाही. ते सोंग आहे हे कोणाला कळता कामा नये, त्याबद्दल छदाम मिळत नाही आणि पुष्कळांना ते कसे उतरवायचे हेही आठवत नाही. बिनमजुरीच्या सक्तीच्या कामाला आपल्या भाषेत वेठ म्हणतात. म्हणून या व्याख्यानाला मी ‘मुखवट्याची वेठ’ असे नाव दिले आहे.

ही माणसे म्हणजे ऑटिझम असलेली माणसे. मराठीत या स्थितीला स्वमग्नता म्हणतात. मी वैद्य नाही, मानसशास्त्राचा पदवीधरही नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि जे काही वाचले ते नगर वाचनालयात व युनियनच्या कचेरीत रात्री बसून वाचले. तेव्हा रोगनिदान कसे करावे हे मी सांगणार नाही. आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीच्या माणसाकडून समाजाने गेल्या शंभर वर्षांत कोणते काम करून घेतले आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढाच इतिहास मला सांगायचा आहे. कामाचा हिशेब मागणे हा तर आमचा धंदाच आहे.

प्रथम शब्दाविषयी. झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास हा शब्द प्रचारात आणला. ग्रीक भाषेत ‘आउटोस’ म्हणजे ‘स्वतः’. स्किझोफ्रेनियाचा रोगी बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आपल्यातच बुडून जातो, हे सांगण्यासाठी तो शब्द होता. पुढे तो एका निराळ्याच स्थितीला चिकटला आणि आपण त्याचे चोख भाषांतर करून ‘स्वमग्नता’ म्हणू लागलो. भाषांतर चोख आहे, पण त्यातून होणारा समज चुकीचा आहे. समोरच्याला आपण विचित्र तर वाटत नाही ना, या एकाच विचारात ज्याचा सबंध दिवस जातो, त्याला स्वतःतच मग्न असलेला कसे म्हणावे?

या मुलांचे पहिले बारकाईचे वर्णन मॉस्कोतील ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी केले. १९२५ साली त्यांनी सहा मुलग्यांची हकीकत रशियन भाषेत प्रसिद्ध केली, पुढच्या वर्षी ती जर्मनमध्ये आली आणि १९२७ साली त्यांनी मुलींविषयीही लिहिले. पण जगाने त्यांची दखल घेतली नाही. त्या लेखाचे इंग्रजी भाषांतर व्हायला १९९६ साल उजाडावे लागले. जगापर्यंत गोष्ट पोहोचली ती अमेरिकेतून. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचा वृत्तान्त छापला. त्यांत आठ मुलगे व तीन मुली होत्या. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी आपल्याकडच्या मुलग्यांविषयी लिहिले. या अ‍ॅस्पर्गरांनी नाझी राजवटीशी सहकार्य केले आणि काही मुलांना ‘अम् श्पीगेलग्रुंट’ या, अपंग बालकांना जिथे मारले जाई अशा संस्थेत धाडले, हे २०१८ साली कागदपत्रांनिशी उघड झाले. ‘उपयोगी’ आणि ‘निरुपयोगी’ अशी माणसांची वाटणी जिथे राज्यकर्ते करतात, तिथे वेगळेपण लपवणे हा जिवाचाच प्रश्न होतो, हे त्या प्रकरणावरून ध्यानात घ्यावे.

कॅनर यांच्या यादीतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा. जन्म १९३३ चा. वडील वकील, आजोळची बँक. वडिलांनी मुलाविषयी कॅनर यांना ३३ पानांचे टंकलिखित पत्र लिहिले होते. मुलाला माणसांत रस नव्हता. आकडे, फिरणाऱ्या वस्तू आणि ठरलेले शब्द यांचा छंद होता. १९४२ साली त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले. त्या शेतकऱ्याला मानसशास्त्र माहीत नव्हते, पण माणूस ओळखता येत होता. मुलाला मोजमापाचा नाद आहे हे पाहून त्याने विहीर खणताना तिची खोली मोजण्याचे काम त्याला दिले. मक्याच्या ओळी तो पुन:पुन्हा मोजतो हे पाहून त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजू दिल्या. मुलाची मोड न करता काम त्याच्या अंगच्या गुणाला जुळवून घेतले. हा मुलगा पुढे १९५८ साली पदवीधर झाला, आजोळच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली, ८९ व्या वर्षी वारला. गावातल्या लोकांना तो आपल्या मनाने आकडे बहाल करी आणि त्या आकड्याने हाक मारी. गावाने ते चालवून घेतले. इतकेच नव्हे, बातमीदार त्याचा शोध घेत आले तेव्हा, आमच्या माणसाला दुखवाल तर याद राखा, अशी तंबीही गावकऱ्यांनी त्यांना दिली.

ही कथा ऐकून मन प्रसन्न होते. पण कामगार चळवळीतला माणूस तिथेच एक प्रश्न विचारील. डोनाल्ड बँकवाल्यांच्या घरातला होता. तो भूमिहीनाचा मुलगा असता, किंवा त्या काळच्या मिसिसिपीत काळ्या कातडीचा असता, तर? आपल्या गावातही श्रीमंताच्या घरी विक्षिप्त माणूस निपजला की तो ‘वल्ली’ ठरतो. गरिबाच्या घरी निपजला की ‘उर्मट’ किंवा ‘वेडसर’ ठरतो. मुखवट्याची गरज सर्वांना सारखी नसते. ज्याचे पोट दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, त्याला ती सर्वांत अधिक.

कॅनर यांनी आपल्या जुन्या रोग्यांचा पाठपुरावा सोडला नाही. १९७२ साली दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एक लेख लिहिला. जी मोजकी मुले मोठेपणी स्वतःच्या पायावर उभी राहिली, त्यांच्यात वेगळे काय होते, हा त्या लेखाचा प्रश्न. त्यांना असे आढळले की, किशोरवयात या मुलांना आपल्या वेगळेपणाची अस्वस्थ करणारी जाणीव झाली आणि त्यांनी जाणूनबुजून त्यावर मेहनत घेतली. मित्र नाहीत हे कळल्यावर आपल्या छंदातले ज्ञान पुढे करून त्यांनी लोकांत शिरकाव करून घेतला. माझ्या वाचनात मुखवट्याची ही पहिली स्पष्ट नोंद आहे. पण तिची नोंद यशाच्या रकान्यात झाली. मुलगा चारचौघांत खपून गेला, एवढे वैद्यकाला पुरेसे वाटले. खपून जाण्यासाठी त्याने काय खर्चले, हा रकाना त्या वहीत नव्हता.

मधल्या काळात आयांवर मोठा अन्याय झाला. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हे मत अमेरिकेत वर्षानुवर्षे चालले. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने त्याला बळ दिले. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालीच ते मत खोडून काढले होते. ही घडण मेंदूची आहे, जन्मजात आहे, असे त्याचे म्हणणे. आज विज्ञान त्याच बाजूला आहे.

मग पाळी आली मूल ‘सुधारण्याची’. लॉस एंजलिसच्या विद्यापीठातील इव्हार लोव्हास यांनी बक्षीस व शिक्षा यांच्या जोरावर वर्तन घडवण्याची पद्धत उभी केली. साठीच्या दशकातील त्यांच्या प्रयोगांत थपडा होत्या आणि विजेचे झटकेही होते. १९८७ साली त्यांनी एक अभ्यास छापला. चार वर्षांच्या आतल्या १९ मुलांना आठवड्याला सुमारे चाळीस तास, दोन किंवा अधिक वर्षे शिकवले. त्यांतली ९ मुले साध्या शाळेत जाऊ लागली आणि इतरांपासून ओळखू येईनाशी झाली, असा दावा होता. नमुना लहान होता आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, पण त्या दाव्याने असंख्य आईबापांना आशा दिली. हतबल आईबापांना त्याबद्दल मी दोष देणार नाही. परंतु दोन गोष्टी श्रोत्यांनी तोलून पाहाव्यात. आपल्याकडे कारखान्यातील प्रौढ कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. इथे दूध पिणाऱ्या वयाच्या पोरांचा आठवडा चाळीस तासांचा होता. आणि ध्येय काय? मूल सुखी होणे नव्हे, मूल ओळखू न येणे. ज्या दिवशी ‘ओळखू येत नाही’ हीच बरे होण्याची व्याख्या ठरली, त्या दिवशी मुखवटा ही उपचाराची फलश्रुती झाली.

इथवर सारे बोलत होते ते वैद्य आणि आईबाप. १९८६ मध्ये टेम्पल ग्रँडिन यांचे आत्मकथन आले आणि स्वतः त्या घडणीची माणसे लिहू लागली. १९९२ साली ऑस्ट्रेलियाच्या डॉना विल्यम्स यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यांनी लहानपणी स्वतःसाठी दोन पात्रे तयार केली होती. एक कॅरल नावाची हसरी, बोलकी मुलगी. दुसरा विली नावाचा करारी मुलगा. जगाला सामोरे जायचे ते या दोघांनी. डॉना स्वतः मागे, आत. लियान हॉलिडे विली या अमेरिकन लेखिकेने १९९९ साली आपल्या पुस्तकाच्या नावातच सांगून टाकले की, आपण सर्वसामान्य असल्याचे सोंग आणत होतो. १९९३ साली जिम सिंक्लेअर यांनी आईबापांच्या सभेत सांगितले की, आमच्यासाठी शोक करू नका. तुम्ही ज्या मुलाची वाट पाहत होता ते आले नाही याचे दुःख वेगळे करा, आणि जे आले आहे त्याच्याकडे पाहा.

या लोकांच्या कथनातून सोंगाची सामग्री कळते. डोळ्यांत बघणे सोसत नाही म्हणून समोरच्याच्या दोन भुवयांमध्ये बघायचे. टेलिफोन करण्यापूर्वी वाक्ये पाठ करायची. इतर हसले की अर्ध्या क्षणाने आपणही हसायचे. वर्गातल्या एखाद्या लोकप्रिय मुलीची चाल, बोलण्याची ढब, हातवारे उचलायचे. आनंदात हात फडफडू लागले तर खिशात कोंबायचे. भोंगा कानात सुईसारखा शिरत असला तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. आणि हे सर्व करताना समोरचा काय बोलतो आहे हेही ऐकायचे!

मुलींवर हे ओझे विशेष पडते. निदान झालेल्यांत चार मुलग्यांमागे एक मुलगी असे प्रमाण वर्षानुवर्षे सांगितले जाई. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा ते तिनास एकच्या जवळ निघाले, आणि मुली निदानातून निसटतात असेही दिसले. याचे कारण शोधायला दूर जायला नको. मुलीने गोड बोलावे, मान डोलवावी, सर्वांचे मन सांभाळावे, हे शिक्षण तिला पाळण्यापासून मिळते. जिला सोंगाची तालीम लवकर, तिचे सोंग उत्तम वठते. आणि उत्तम वठते म्हणून तिची अडचण कोणाच्या ध्यानात येत नाही.

वैद्यकाने ही गोष्ट उशिरा का होईना मान्य केली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत, शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे लक्षणे पुढील वयात झाकली जाऊ शकतात, असे नमूद झाले. २०१७ साली लंडनच्या लॉरा हल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९२ प्रौढांना विचारले, तुम्ही हे का करता आणि त्याने काय होते? उत्तरे सरळ होती. नोकरी मिळावी, माणसे जोडता यावीत, टिंगल व मारहाण टळावी म्हणून करतो. फायदा होतो. पण नंतर मनुष्य गळून जातो, आणि आपण नक्की कोण हेच कळेनासे होते. २०१९ मध्ये त्यांनीच हे लपवणे मोजण्याची २५ प्रश्नांची पट्टी तयार केली. २०१८ साली सारा कॅसिडी व सहकाऱ्यांनी दाखवले की, जिथे लपवणे अधिक तिथे आत्महत्येचे विचारही अधिक आढळतात. एकामुळेच दुसरे होते असे यातून सिद्ध होत नाही. पण ज्याला हिशेब समजतो त्याने हा आकडा वाऱ्यावर सोडू नये.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. गाव, कंपनी आणि माणूस यांची नावे सांगणार नाही. एक टर्नर होता. लेथवरचे त्याचे काम असे की, कॅलिपर लावणाऱ्याने लावून थकावे. नवा अधिकारी आला आणि याच्यावर आरोपपत्र आले : उद्धट वर्तन. पुरावा काय, तर साहेबांकडे बघत नाही, नमस्काराला उत्तर देत नाही, कँटीनमध्ये सर्वांबरोबर बसत नाही, भोंगा झाला की कान झाकून उभा राहतो. चौकशीत त्याचा एकही नग नापास झाल्याचे निघाले नाही. तरी वर्तन सुधारण्याची लेखी ताकीद मिळाली. युनियनने अपील केले, ते फेटाळले गेले. मग त्याने वर्तन सुधारले. नमस्कार करू लागला, कँटीनमध्ये बसू लागला, विनोदाला हसू लागला. एकदा मला म्हणाला, “भाऊ, मशीनवर आठ तास मला काही होत नाही. पण कँटीनमधल्या अर्ध्या तासानं मी मोडून जातो.” दीड वर्षाने त्याने राजीनामा दिला. त्याला वैद्यकाच्या भाषेत काय म्हणावे हे मला सांगता येणार नाही. त्याला कोणी कधी तपासलेच नाही. परंतु कंपनीने त्याच्याकडून एक जादा काम करून घेतले, जे त्याच्या नेमणूकपत्रात नव्हते आणि ज्याची मजुरी त्याला मिळाली नाही, एवढे मी शपथेवर सांगेन.

अशा कामाला समाजशास्त्रात नाव आहे. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन विदुषींनी १९८३ साली विमानातील सेविकांचा अभ्यास करून दाखवले की, कंपनी त्यांच्या हातापायांबरोबर त्यांचे हसूही विकत घेते, आणि मागणीनुसार भावना दाखवणे हे श्रमच आहेत. पण सेविकेचे हसू निदान पगारात धरलेले असते आणि विमान उतरले की ते संपते. आमच्या मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची रविवारची सुट्टी मिळवण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. ती १८९० च्या जून महिन्यात मिळाली. मुखवट्याच्या कामाला अजून रविवार नाही. अशा श्रमाने थकलेली माणसे एके दिवशी कोसळतात. येणारी कामेही येईनाशी होतात, आवाज व उजेड पूर्वीहून असह्य होतात. त्या घडणीचे लोक याला स्वमग्नतेची दमछाक म्हणतात, आणि २०२० पासून संशोधकही तिचा वेगळा विचार करू लागले आहेत.

इथे कोणी विचारील, मुखवटा कोण घालत नाही? साहेबापुढे, सासरी, सभेत आपण सगळेच घालतो. खरे आहे. पण आपण घालतो तो सदऱ्यावरचा कोट. थोडा उकडतो, घरी काढतो. यांना लपवावी लागते ती चालण्याबोलण्याची, बघण्याची, ऐकण्याची जन्मजात रीत. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, अशी आपली म्हण आहे. विश्रांतीचेही आणता येत नाही, एवढे तिच्यात घालावे.

आणि हेही विसरू नये की पुष्कळांना मुखवटा घालताच येत नाही. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना आयुष्यभर आधार लागतो, त्यांचे प्रश्न निराळे व अधिक कठीण आहेत. पण दोघांचे मूळ एकच आहे : एकाला वेगळेपणाची शिक्षा उघड मिळते, दुसरा ती चुकवण्यासाठी आयुष्य खर्चतो.

मग दोष कोणाचा? फार दिवस असे मानले गेले की या लोकांना इतरांचे मन कळत नाही. इंग्लंडचे डेमियन मिल्टन हे स्वतः त्या घडणीचे अभ्यासक. त्यांनी २०१२ साली म्हटले की, न कळणे दोन्हीकडून आहे. आपल्यालाही त्यांचे मन कळत नाही. पुढे प्रयोगांनी याला पुष्टी दिली. २०२० मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी माणसांच्या साखळ्या करून निरोप पुढे पाठवायला लावला. सगळे एका घडणीचे असले, मग ती कोणतीही असो, तर निरोप नीट पोहोचला. सरमिसळ केली तेव्हा तो अधिक गळला. २०१७ च्या एका अभ्यासात लोकांनी या माणसांचे काही सेकंदांचे चित्रण पाहून त्यांना नापसंत केले. पण तेच बोलणे नुसते लिहून वाचायला दिले तेव्हा नापसंती उरली नाही. म्हणजे खोट त्यांच्या म्हणण्यात नव्हती. ती आपल्या पाहण्यात होती.

आपल्या देशात १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ दिव्यांगत्वांत त्याचा समावेश केला. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के राखीव जागा ठरल्या. त्यांतील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे मिळून आहे. पण राखीव जागेसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. इथे मोठा पेच आहे. ज्याचे सोंग उत्तम वठले त्याला दाखला मिळणे अवघड, आणि जो सोंग टाकून देतो त्याला दाखल्याआधी आरोपपत्र मिळते. तरीही त्या कायद्यात एक मोलाचे तत्त्व आहे : मनुष्याच्या गरजेप्रमाणे कामाच्या ठिकाणी वाजवी फेरबदल करणे. आम्ही संघटनेच्या लोकांनी मागणीपत्रात हे कलम वेतनवाढीच्या शेजारी लिहिले पाहिजे. त्याला खर्च तो काय? भोंग्यापासून दूरची जागा, तोंडी हुकुमाऐवजी लेखी सूचना, जेवणाच्या सुट्टीत एकटे बसण्याची मोकळीक, आणि चौकशीत नजरेऐवजी कामाचा पुरावा.

कायद्याबाहेरचे काम मात्र तुमचे माझे आहे. त्या फॉरेस्ट गावाकडे एकही तज्ज्ञ नव्हता. त्यांनी एका माणसाला आकड्याने हाक मारू दिली, त्या हाकेला ओ दिली, आणि तो माणूस म्हातारा होईपर्यंत त्यांच्यात राहिला. आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत, आपल्या खात्यात कोणी नमस्काराला उत्तर देत नसेल, तर त्याला उर्मट ठरवण्यापूर्वी त्याचे काम पाहावे, त्याचे म्हणणे ऐकावे, आणि त्याने आपल्याकडे पाहिलेच पाहिजे असा हट्ट सोडावा. आपल्या बाजूने एवढे झाले, तरी कोणा एकाची अर्ध्या तासाची वेठ वाचेल.